तिथीची पाऊणपट

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, की आमच्या उपनगरांतल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो: नाताळच्या सुटीत कुठे जायचे? मग महाबळेश्वर, गोवा, केरळ अशी नावे मोठ्या उत्साहाने घेतली जातात. दोन दिवस भाड्यांचे आकडे मांडले जातात. तिसऱ्या दिवशी उत्साहाला ओहोटी लागते आणि शेजाऱ्यांच्या सहलीची छायाचित्रे पाहून समाधान मानले जाते. अशा मंडळींसाठी यंदाच्या दिवाळी अंकात या सदरातून एक स्वस्त आणि जवळचा प्रवास सुचवावा असे योजले आहे. बोरिवलीच्या गोराई जेट्टीवर जावे आणि होडीत बसावे. थोड्याच वेळात माणूस पलीकडे उतरतो. तिथे तो मुंबई महापालिकेच्याच हद्दीत असतो; पण समोर ताडमाड, विहिरी, कौलारू घरे आणि वाळत घातलेली मासळी पाहून त्याला ते खरे वाटत नाही.

पण आधी एका शब्दाविषयी बोलू द्या. मराठी शिकवणाऱ्या बाईने शब्दांची खोड सोडली तर तिच्याकडे उरते काय?

आपण वर्षभर समुद्राचे शब्द वापरत असतो. आनंदाला ‘उधाण’ येते, पोलिसांची ‘भरती’ होते, धंद्याला ‘ओहोटी’ लागते, कोणाच्या मनाचा ‘थांग’ लागत नाही, कोणी ‘गळाला’ लागतो. हे सगळे शब्द कधी काळी कोणीतरी पाण्यात उभे राहून आपल्याला मिळवून दिले. आपण ते घरी आणले, धुऊनपुसून अलंकार म्हणून अंगावर घातले आणि त्यांचा खारटपणा विसरलो. ‘भांग’ म्हटले की आम्हाला केस आठवतात, नाहीतर शिवरात्र. कोळ्याला आठवते ती अष्टमीच्या आसपासची मंद भरती. ‘उधाण’ म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराचे पाणी आणि ‘भांग’ म्हणजे त्यांच्या मधल्या दिवसांतले.

हा पंतोजीपणा उगाच नाही. काही वर्षांपूर्वीच्या जुलैत आमच्या महाविद्यालयातला दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मित्रांबरोबर समुद्रावर गेला आणि परत आला नाही. शांत, पुढच्या बाकावर बसणारा मुलगा. त्याची अंतर्गत परीक्षेची उत्तरपत्रिका मीच तपासली होती. समुद्रावरच्या एका कवितेचे रसग्रहण त्याने सुरेख केले होते. दहापैकी आठ गुण होते. ‘अथांग’ हा शब्द त्याने तीनदा वापरला होता. त्या दिवशी पाणी चढते आहे की उतरते आहे, हे मात्र त्या पाच जणांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. समुद्रापासून सात-आठ किलोमीटरांवर जन्मलेली, वाढलेली ही मुले!

तेव्हापासून मनात होते की आपल्या मुलांना समुद्र दाखवायचा तो भेळेच्या गाडीपासून नव्हे, जवळून. २०२४ च्या नाताळात तो योग आला. आम्ही दोघे, दोन मुले आणि मूळच्या गुहागरकडच्या आमच्या सासूबाई असे पाच जण दोन रात्रींसाठी गोराईला गेलो. किनाऱ्यामागच्या एका वाडीत मालकाच्या परवानगीने दोन तंबू ठोकले. ‘या वयात मला तंबूत झोपवता?’ असे सासूबाई निघताना तीनदा म्हणाल्या. पण सगळ्यांत आधी पिशवी त्यांचीच भरलेली होती, आणि पिशवीत सगळ्यांत वर पंचांग होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजायला आले होते. पाणी लांब गेले होते. ओली वाळू आरशासारखी पसरली होती. सासूबाईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, “आज वद्य दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला पूर्ण भरती. आता नुकती ओहोटी संपत्येय.”

आमच्या चिरंजीवांनी तत्काळ मोबाइल काढला. भरतीचा कोठा उघडून पाहतो तो अर्ध्या तासाच्या आतला फरक! “आजी, हे कसं काय?” त्यावर आजी म्हणाल्या, “अरे, आमच्याकडे हे शेंबड्या पोराला येत होतं.”

वाचकहो, हिशेब असा आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच उशिरा येते. पन्नास मिनिटांच्या जागी पाऊण तास धरला की तोंडी गणित सोपे होते. शुद्ध असो वा वद्य, तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी, आणि दोहोंच्या मध्ये, सहा-सव्वासहा तासांनी, ओहोटी. हिशेब ढोबळ आहे; ठिकाणानुसार आणि दिवसानुसार तो थोडा मागेपुढे होतो. पण खिशात काही नसताना तो कामाला येतो.

आमच्यापासून जरा खाली, थेट वाळूवरच, कॉलेजातली पाच-सहा मुले तंबूच्या काठ्या उलगडत होती. टोपली घेऊन चाललेल्या एक मावशी थांबल्या. किनाऱ्यावर सुकलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची एक काळपट रेघ होती, ती त्यांनी बोटाने दाखवली. “पोरांनो, रातचं पानी तिथवर येऊन गेलंय. तुमी तिच्या खाली बसलाव.” मुले हसली, पण उठली. मग मावशी माझ्याकडे वळल्या. “आज भांग हाय बाई. अमावास्येला या, म्हंजे त्या सुरूच्या झाडांशी पानी दिसल.” उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची आणि ओहोटीची पातळी यांत साडेचार मीटरांहूनही अधिक अंतर पडू शकते, म्हणजे दीड मजल्याइतके. सपाट वाळूवर तेच अंतर शेकडो पावलांचे होते. मावशींनी हे मीटरांत मोजले नव्हते, झाडांत मोजले होते, इतकेच.

त्याच मावशींच्या अंगणात दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा भरली. बांबूंच्या उंच मांडवाला ‘वलांडी’ म्हणतात. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून तिच्या दोरीवर टांगतात आणि उन्हावाऱ्यात वाळवतात. बोंबील पकडतात ते डोल जाळ्याने. हे जाळे एका जागी रोवलेले असते. ते माशामागे जात नाही, भरती-ओहोटीचा ओढच मासा त्यात आणून सोडतो. म्हणून उधाणाला ओढ जोरात असली की डोलीला हात लागतो, आणि भांगाच्या दिवसांत बरेचसे काम जाळी शिवण्याचे. आमची धाकटी म्हणाली, “म्हणजे यांची सुटी चंद्र देतो!” शिवाय सरकारही देते: १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. आणि गंमत पाहा, ज्या महिन्यांत दर्यावर वाढलेली माणसे होड्या वर ओढून ठेवतात, नेमके त्याच महिन्यांत आम्ही शहरातली माणसे ‘पावसातला समुद्र बघायला’ पाण्यात उतरतो.

सासूबाईंची त्या दिवशी एकादशी. चहूकडे बोंबलांचा घमघमाट आणि मधोमध तंबूच्या दारात साबुदाण्याची खिचडी! मावशींनी आपल्या वाडीतले शहाळे खास त्यांच्यासाठी पाठवले आणि दोघी म्हाताऱ्या तासभर बोलत बसल्या. मावशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती, सासूबाई कऱ्हाड्या ब्राह्मण. पण माशांची नावे सोडली तर कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. ईस्ट इंडियन हे नाव या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतले. बोली मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून मराठीच आहे. उत्तर मुंबईचे हे बेट साष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचे. गोव्यातही एक साष्टी आहे. तिथल्या रायतूरला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. दोन्ही साष्टींत मराठीचा आणि चर्चच्या घंटेचा असा जुना शेजार आहे, हे आमच्या वर्गांतून पुरेसे सांगितले जात नाही.

मनोरी, गोराई आणि उत्तन ही गावे एका पट्ट्यात येतात. त्या भूभागाला जुने नाव धारावी बेट. दादरजवळची धारावी वेगळी. उत्तनच्या बाजूला टेकडीवर उभे राहिले की वसईच्या खाडीचे तोंड आणि पलीकडचा वसईचा किल्ला दिसतो. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांना धारावी का हवी होती, हे तिथे पुस्तकाशिवाय कळते. १७३९ मध्ये धारावी हाती आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. परतताना गोराईत सोनेरी विपश्यना पॅगोडा लागतो. तो २००९ मध्ये खुला झाला. आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात. तिसऱ्या दिवशी मनोरीहून होडीने मार्व्याला आलो. तिथून एरंगळ जवळच आहे. तिथले सेंट बोनाव्हेंचरचे चर्च १५७५ चे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी त्याची जत्रा भरते. तिला सगळ्या धर्मांची माणसे जातात.

वाटेत आक्साचा किनारा लागला. किनारा देखणा, पण बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध. मुलांना तिथे थांबवून जे सांगितले ते इथेही सांगते. लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात ते पाणी परत जायला वाट शोधते. वाळूतल्या एखाद्या खोलगट पन्हाळीतून ते जोराने समुद्राकडे धावते. गंमत अशी की तिथेच लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा निवांत वाटते. पायाखालची वाळू सरकते आणि माणूस आत ओढला जातो. तेव्हा किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाजूला व्हावे. ती वाट बहुधा अरुंद असते. आणि जीवरक्षकाने शिट्टी वाजवली तर त्याच्याशी वाद घालू नये. माझा मुलगा हे ऐकताना पाण्याकडे बघत होता. नंतर त्याने हळूच विचारले, “तुझ्या त्या विद्यार्थ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं?” मी नाही म्हटले. पुढे बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे भय दाखवल्यावर समुद्रावर जाईल कोण? तसे नाही. जो ओळखीचा होतो त्याचे भय राहत नाही, अदब राहते. आणि ओळख झाली की काळजीही घेतली जाते. वेसाव्याच्या किनाऱ्यावर कचऱ्याचे थर साचले होते. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह नावाच्या वकिलाने तो उपसायला सुरुवात केली आणि हळूहळू शेकडो हात जमले. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिले समुद्राकडे जाताना दिसली. तिथे हे दृश्य सुमारे वीस वर्षांनी दिसत होते. कासविणीने माणसांची पत्रके वाचली नव्हती. तिला जागा मिळाली आणि ती आली.

तेव्हा वाचकहो, नव्या वर्षाची दिनदर्शिका या दिवसांत तुमच्याकडे येईल. तिच्यावर दुधाचा आणि गॅसचा हिशेब तर लिहालच. सुटीचा बेत करताना तिथीचा आकडाही पाहा. जाल त्या गावात प्लास्टिक ठेवून येऊ नका, वलांडीखाली क्रिकेट मांडू नका, आणि तंबू ठोकण्यापूर्वी टोपली घेऊन चाललेल्या एखाद्या मावशीला विचारा.

सुरुवात मात्र आजच करता येईल. लक्ष्मीपूजनाची अमावास्या म्हणजे उधाणाचे दिवस. तुम्ही दारात पणत्या लावाल तेव्हा आमच्या पश्चिमेचे पाणी दूर गेलेले असेल. फटाके विझून मुले झोपतील तेव्हा ते भरून किनाऱ्याशी आलेले असेल. भाऊबीजेला ओवाळणी झाली की मुलांना विचारा: आज द्वितीया, तर भरती किती वाजता? जो दीड म्हणेल त्याला एक करंजी जास्त द्या.