रोपे लाखोंनी, वाण मात्र एकच!

खानदेशातील केळी उत्पादकांना ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. निवडक झाडाच्या मुनव्यातील वाढबिंदू निर्जंतुक करून पोषक माध्यमात वाढवायचा, त्याला फुटणारे कोंब वेगळे करीत त्यांची संख्या वाढवायची आणि मुळे धरलेली रोपे हरितगृहात कणखर करून शेतात पाठवायची, ही ऊतिसंवर्धनाची पद्धत. तिच्यामुळे एकाच वेळी घड देणाऱ्या एकसारख्या बागा उभ्या राहिल्या. मात्र, बागांबरोबर वाणही एकच झाले. ‘ग्रँड नैन’ने बसराईसारख्या जुन्या वाणालाही मागे सारले.

या एकसारखेपणात धोका आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ‘ग्रो मिशेल’ या निर्यातक्षम वाणाच्या बागा पनामा मर रोगाने उद्ध्वस्त केल्या. त्या वेळी जगाला तारणाऱ्या कॅव्हेंडिश गटालाच आता त्याच बुरशीचा ‘टीआर-४’ हा प्रकार ग्रासत आहे. २०१९मध्ये तो कोलंबियात आढळला; भारतात बिहार व उत्तर प्रदेशातही त्याचा शिरकाव झाला आहे. ग्रँड नैन याच गटातील. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि एकदा लागण झाली की खात्रीचा रासायनिक उपाय नाही.

अशा वेळी प्रतिकारक्षम वाणांचा शोध घ्यायचा, तर विविधता शिल्लक असायला हवी. खाण्याच्या केळ्यात बी धरत नाही. त्यामुळे धान्यासारखी बियाणे-पेढी येथे उपयोगी पडत नाही. वाण शेतात तरी जगवावा लागतो किंवा परीक्षानळीत. बेल्जियममधील ल्यूवेन येथे दीड हजारांहून अधिक नमुने अशा रीतीने जतन केले आहेत. म्हणजे ज्या तंत्राने विविधता आक्रसली, तेच तंत्र तिला तारूही शकते.

अडचण अर्थकारणाची आहे. सुकेळीसाठी वापरली जाणारी राजेळी किंवा कोकणातील लाल वेलची यांच्या रोपांना मागणी मर्यादित. प्रत्येक वाणासाठी माध्यम व संप्रेरकांचे प्रमाण नव्याने बसवावे लागते. मातृझाड विषाणुमुक्त असल्याची तपासणीही हवी, अन्यथा रोपांबरोबर रोगाचाही प्रसार होतो. हा खर्च खासगी प्रयोगशाळा थोड्या रोपांसाठी का उचलतील?

तेव्हा ही जबाबदारी कृषी विद्यापीठांनी आणि तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रानेच घ्यायला हवी. ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था २००६पासून अस्तित्वात आहे. तिच्या जोडीला दुर्मिळ वाणांच्या रोपांसाठी अनुदान आणि त्यांच्या फळांना बाजारपेठ मिळाली, तरच हे वाण परीक्षानळीतून पुन्हा परसात येतील. मर रोग दारात आल्यावर ही धावपळ करून उपयोग होणार नाही.