जाहिरात मराठीत, नोटीस कन्नडमध्ये

बेळगाव तालुक्यातील एका गावच्या वेशीवर भातशेतांचा एक सलग पट्टा आहे. तेथील चार एकरांवर मुरमाचे ट्रक रिकामे होऊ लागले, तेव्हा शेजारच्या बांधावरील शेतकऱ्यांना प्रथम कळले की येथे आता वसाहत होणार. दोनच दिवसांत रस्त्याच्या कडेला फलक लागला. फलक शुद्ध मराठीत होता: प्लॉटचे आकार, हप्त्यांची सोय, शाळा किती जवळ, बसथांबा किती जवळ, आणि वर गणपतीचे चित्र. कागद घेऊन आमच्याकडे आलेल्यांपैकी सर्वांत वडीलधाऱ्या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, “वकीलसाहेब, हरकत घेण्याची मुदत संपली असे कचेरीत सांगतात. पण ती सुरू कधी झाली?”

आम्ही शोध घेतला. मुदत रीतसर सुरू झाली होती आणि रीतसर संपलीही होती. जमिनीचा वापर बदलण्याची जाहीर सूचना एका कन्नड दैनिकात छापली गेली होती. ते दैनिक त्या गावात एकाही घरी येत नाही. म्हणजे माल विकताना गिऱ्हाइकाची भाषा कोणती हे सर्वांना ठाऊक असते. त्याच माणसाला हरकत विचारायची वेळ आली की त्याची भाषा कोणाच्याच ध्यानात राहत नाही. आमचा या लेखातील सारा वाद एवढ्याच विसंगतीशी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आम्ही घरांच्या विरुद्ध नाही. गावठाण भरून गेले, एका चौकटीत तीन-तीन भावांचे संसार आले, मुलांची लग्ने जागेअभावी अडली, हे आम्ही रोज पाहतो. ज्याने आपले शेत विकले त्याच्यावरही आमचा रोष नाही. कर्ज, आजारपण, भावकीची वाटणी, त्याची कारणे त्याला ठाऊक. शिवाय 2020 च्या दुरुस्तीने कर्नाटकातील जमीन सुधारणा कायद्याची 79-अ आणि 79-ब ही कलमे गेली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. तेव्हा शहरालगतच्या शिवारावर गिऱ्हाइकांची नजर जाणे ओघानेच आले. प्रश्न शेजाऱ्याचा आहे. भाताच्या खाचरांत पाणी वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात उतरते. मधल्या चार एकरांत दोन-तीन फूट मुरूम पडला की वरचे शेत बुडते आणि खालचे कोरडे पडते. बैलगाडीची वाट तुटते. शहापूर-वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात पिकात कसे शिरते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागू नये.

या शेजाऱ्याला बोलू द्यावे, असे कायद्यालाही वाटते. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, 1961 चे कलम 14-अ असे सांगते की, मंजूर आराखड्यातील जमीनवापर बदलायचा असेल तर तो प्रस्ताव त्या भागात खप असलेल्या एका किंवा अधिक दैनिकांत प्रसिद्ध करून लोकांकडून हरकती मागवाव्यात. ‘त्या भागात खप असलेल्या’ या शब्दांवर आम्ही बोट ठेवतो. कायदेमंडळाने केवळ ‘एका दैनिकात’ असे म्हटले असते तर गोष्ट निराळी होती. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला खपणारे पत्र या गावापुरते खप असलेले पत्र कसे ठरते? आराखड्यातील बदलानंतर भू-महसूल कायद्याच्या कलम 95 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून बिनशेतीची परवानगी, मग लेआऊटची मंजुरी, अशा पायऱ्या आहेत. पण शेजाऱ्याने तोंड उघडावे अशी खरी जागा ही पहिलीच. ती हुकली की पुढे कागदाला कागद जोडला जातो आणि प्रत्येक अधिकारी मागच्या कागदाकडे बोट दाखवितो.

यावर ठरलेले उत्तर येते: कन्नड ही राज्याची राजभाषा आहे, राजभाषेत सूचना दिली म्हणजे दिली. हे उत्तर नवे नाही आणि सर्वोच्च न्यायालयासमोर ते टिकलेलेही नाही. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1962 च्या खटल्यात स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारणे इंग्रजीत दिली होती. त्याला हिंदीच कळत असे. त्याने हिंदीतून मागितली, ती नाकारली गेली. इंग्रजी ही त्या वेळी राज्याची कामकाजाची भाषा आहे, हाच युक्तिवाद तेव्हाही झाला. ज्या भाषेतील मजकूर त्या माणसाला कळतच नाही, त्या भाषेत कारणे देणे म्हणजे कारणे कळविणे नव्हे, असे न्यायालयाने ठरविले आणि स्थानबद्धता बेकायदा ठरली. तो खटला व्यक्तिस्वातंत्र्याचा होता, शेतजमिनीचा नव्हे. हा भेद आम्ही लपवीत नाही. पण सूचना द्यायची ती कोणाला तरी कळावी म्हणून, हे तत्त्व तुरुंगाच्या दारापाशी खरे आणि बांधापाशी खोटे कसे होईल?

त्यातही बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण 2011 च्या जनगणनेत 18 टक्क्यांच्या आसपास आहे. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे राज्य पुनर्रचनेनंतरच्या संरक्षण-योजनेत मान्य झालेले सूत्र आहे. ते कायद्याचे कलम नाही, आश्वासन आहे. म्हणूनच ते इतक्या सहजपणे विसरले जाते. हाच न्याय जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड शेतकऱ्यालाही मिळाला पाहिजे. तेथे तो मागायला आपण तयार नसू, तर येथे मागण्याचे तोंड आपल्याला नाही.

आता गंमत पाहा. त्या कन्नड सूचनेचा मजकूर आम्ही शेतकऱ्यांना मोठ्याने वाचून दाखविला. ‘सार्वजनिक प्रकटणे’, ‘भू उपयोग बदलावणे’, ‘वसति विन्यास’, ‘आक्षेपणे’, ‘अवधि’. अर्धी सूचना त्यांना ऐकताक्षणी कळली! या भागातील दोन्ही भाषांचे महसुली शब्द पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या घरी नांदले आहेत. ‘उतारा’ आणि ‘तलाठी’ कन्नड शेतकरीही म्हणतो. एका शब्दाने मात्र घात केला. कन्नडमध्ये ‘तकरारु’ म्हणजे हरकत. आपल्याकडे ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे. आमच्या मंडळींपैकी एकाला कचेरीत कोणीतरी “तकरारु असेल तर द्या” असे पूर्वी म्हटले होते. “माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही,” असे सांगून ते भले गृहस्थ घरी परतले होते. म्हणजे भिंत भाषेची जेवढी आहे, त्याहून लिपीची आणि अनास्थेची अधिक आहे. चार ओळी देवनागरीत छापायला किती खर्च येतो?

दोष केवळ कचेरीचा नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याच्या निकालाकडे डोळे लावून बसण्याची आपल्याला सवय झाली आहे. मुरमाचे ट्रक तोवर थांबत नाहीत. मोर्चाला हजार माणसे येतात आणि हरकतीचा अर्ज एकही दाखल होत नाही, हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले. जे अर्ज दाखल होतात त्यांत ‘काळी आई’ असते, पूर्वजांचा घाम असतो. सर्व्हे नंबर नसतो. अधिकाऱ्याला त्यावर निर्णय देण्याजोगे काही सापडतच नाही.

राज्यघटनेच्या कलम 350 नुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. उत्तर त्याच भाषेत मिळेल असे हे कलम म्हणत नाही, पण भाषेच्या कारणाने अर्ज परत करता येत नाही. तेव्हा हरकत मराठीतच लिहावी आणि तिच्यात सर्व्हे नंबर व हिस्सा, नकाशातील नाला, गाडीवाट, पाण्याचा उतार कोणत्या दिशेला, पावसाळ्यातील छायाचित्रे हे सारे यावे. सोबत कन्नड भाषांतर जोडावे. आमच्या काही सहकाऱ्यांना ही शरणागती वाटते. आम्हांला तसे वाटत नाही: मूळ अर्ज मराठी आहे, भाषांतर ही अधिकाऱ्याची पळवाट बुजविण्याची तजवीज आहे. दुसऱ्या प्रतीवर पोच-शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

त्या चार एकरांसाठी अकरा शेतकऱ्यांनी असे अर्ज दिले आहेत. मुदत उलटून गेल्याचा मुद्दा निघणार, हे गृहीत धरून पहिल्याच परिच्छेदात आम्ही त्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न घातला आहे आणि गावात कोणती दैनिके किती प्रती येतात याचे विक्रेत्याचे लेखी निवेदन जोडले आहे. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज उलटापालटा करून पाहिला, “हे मराठीत आहे,” असे म्हटले आणि थोडा वेळ थांबून अकराही प्रतींवर शिक्का मारला.