रूळ गेले, वाट राहिली

एखादी वस्तू ज्या कामासाठी घडविली ते काम संपले, म्हणजे ती वस्तूही निरुपयोगी झाली, असे पुष्कळ लोक समजतात. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणारी गृहिणी मात्र तसे समजत नाही. कापड विरले तरी त्यातील ऊब शिल्लक आहे, हे ती जाणते. राष्ट्राच्या संपत्तीकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. बंद पडलेल्या लोहमार्गांचे काय करावयाचे, हा प्रश्न जेव्हा अमेरिकेपुढे उभा राहिला, तेव्हा तेथील काही विचारी माणसांनी या गृहिणीचेच शहाणपण दाखविले.

१९१६ साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे २,५४,००० मैल लांबीचे लोहमार्ग होते. पुढे मोटारी, मालमोटारी व विमाने यांची चलती झाली आणि एकामागून एक मार्ग बंद पडू लागले. रूळ उखडून विकले जात आणि मागे उरे ती खडीची ओसाड पट्टी. विस्कॉन्सिन राज्यात स्पार्टा व एलरॉय या दोन गावांना जोडणारा असाच एक मार्ग १८७३ साली तयार झाला होता. त्यावरील आगगाड्यांची ये-जा १९६४ साली थांबली. तथापि ही पट्टी रानाच्या स्वाधीन झाली नाही. १९६५ साली राज्य सरकारने ती विकत घेतली, तिच्यावर चुनखडीचा बारीक चुरा पसरून तो दाबला आणि १९६७ साली ती सायकलींसाठी खुली केली. सुमारे ३२ मैलांची, म्हणजे जवळजवळ ५२ किलोमीटरांची ही वाट, लोहमार्गाची सायकलवाट करण्याच्या त्या देशातील अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक होय.

या वाटेचे खरे वैभव पाहावे ते शरद ऋतूत. आपल्याकडे पाने गळतात ती शिशिरात; विस्कॉन्सिनमध्ये ऑक्टोबर लागतो न लागतो तोच झाडांचा निरोपसमारंभ सुरू होतो. दिवस लहान होतात, हवा गार होते आणि पानांतील हिरवे द्रव्य विरू लागते. त्याच्याआड दडलेला पिवळा रंग मग उघडा पडतो. मॅपलसारख्या वृक्षांच्या पानांत लाल रंग नव्याने तयार होतो. दोन्ही बाजूंस असे लाल-पिवळे वृक्ष, मध्ये पांढुरकी वाट आणि चाकांखाली वाळल्या पानांची कुरकुर, अशा थाटात सायकलस्वार एका गावाहून दुसऱ्या गावास जातात. प्रदेश टेकड्यांचा आहे, तरीही लहान मुले आणि वृद्ध माणसे येथे सायकल चालवू शकतात.

याचे कारण आगगाडीच्या स्वभावात आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज घसरते. म्हणून आगगाडीस तीव्र चढ चढवत नाही. १८६३ साली वाहतुकीस खुला झालेला आपला बोरघाटातील लोहमार्ग अतिशय अवघड मानला जाई. परंतु तोही सदतीस फुटांत एक फूट, याहून अधिक चढत नाही. मार्ग सौम्य राखण्यासाठी टेकडी आडवी आली तर ती फोडावी लागते, दरी आली तर भराव घालावा लागतो. हे सारे इंजिनासाठी करून ठेवलेले काम आज सायकलस्वाराच्या पायांना विसावा देते. आजोबांनी लावलेल्या आंब्याची फळे नातवंडांनी खावीत, तसाच हा प्रकार आहे.

स्पार्टा-एलरॉय मार्गावर तीन बोगदे आहेत. त्यांपैकी सर्वांत लांब बोगदा ३,८१० फुटांचा आहे. आजच्यासारखी यंत्रे हाताशी नसताना मजुरांनी हा डोंगर पोखरला. बोगद्यांच्या छतांतून पाणी ठिबकते. हिवाळ्यात खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी गोठते. गोठताना ते प्रसरण पावते आणि त्या रेट्याने खडक फुटतो. म्हणून बोगद्यांच्या तोंडांशी प्रचंड लाकडी दरवाजे बसविलेले होते. हिवाळ्यात गाडी यावयाची वेळ झाली की पहारेकरी ते उघडी आणि गाडी गेली की पुन्हा लावून घेई. कडाक्याच्या थंडीत हे काम करणाऱ्या त्या पहारेकऱ्यांची नावे कोणाच्या ओठांवर नाहीत. परंतु हाती दिवा घेऊन, सायकल ढकलीत त्या अंधारातून पायी जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर त्यांचे ऋण आहे.

अशा मार्गाचे मोल त्याच्या अखंडतेत आहे. हारातील एक फूल काढले तर हार थोडा उणा दिसतो. दोरा तोडला तर मात्र हारच उरत नाही. लोहमार्गाची पट्टी दोऱ्यासारखी असते. तिचा एक तुकडा कोणी विकला, त्यावर घर किंवा कोठार उभे राहिले, की उरलेली पट्टी कोठून कोठेही जात नाही. पुढे कोणास उपरती झाली, तरी शेकडो जमीनमालकांकडून ती तुकड्या-तुकड्यांनी परत मिळविणे जवळजवळ अशक्य होते. अनेक पिढ्यांच्या श्रमाने जोडलेली रेषा एका विक्रीपत्राने तुटते. म्हणून मार्ग बंद पडताच घाईने त्याची वाटणी करणे हा मोठा अविचार होय.

या मताविरुद्ध काही आक्षेप घेण्यात येतात आणि ते ऐकून घेणे न्यायाचे आहे. पहिला आक्षेप शेतकऱ्यांचा. कित्येक ठिकाणी लोहमार्गाच्या कंपनीकडे जमिनीची मालकी नव्हती, केवळ वहिवाटीचा हक्क होता. गाडी बंद झाली, तर जमीन मूळ मालकाकडे परत यावयास नको काय? हा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० साली न्यायालयाने असे मार्ग राखून ठेवणारा कायदा योग्य ठरविला. परंतु ज्यांचा हक्क यामुळे हिरावला जाईल त्यांना भरपाई मागण्याची वाट मोकळी ठेवली. हेच रास्त आहे. सर्वांच्या सुखासाठी एखाद्याची जमीन लागत असेल, तर तिचे मोलही सर्वांनी मिळूनच दिले पाहिजे. एकाने सोसावे आणि इतरांनी फिरावयास जावे, याला लोकहित म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप याहूनही विचार करण्याजोगा आहे. हौसेने सायकल फिरविणाऱ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? त्यापेक्षा आगगाडीच पुन्हा का सुरू करू नये? जेथे गाडी चालू शकते तेथे ती अवश्य चालावी. गावाची गाडी गेली म्हणजे गावाचा आधार जातो. सायकलवाट त्याची पूर्ण भरपाई करू शकत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जेथे गाडी चालविणे शक्य नाही, तेथे पट्टी अखंड राखल्याने उद्याचा मार्गही शाबूत राहतो. १९८३ साली अमेरिकेने केलेल्या कायद्याचा हेतू हाच होता. बंद मार्ग काही काळ वाट म्हणून वापरावा आणि गरज पडल्यास त्यावर पुन्हा रूळ टाकावेत, अशी सोय त्यात आहे. बियाणे कणगीत जपून ठेवणारा शेतकरी याहून वेगळे काय करतो?

शिवाय अशी वाट केवळ हौशी लोकांची नसते. मोटार चालविण्याचे वय न झालेली मुले, मोटार बाळगण्याची ऐपत नसलेली माणसे, चाकाच्या खुर्चीवर बसून फिरणारे अपंग बंधुभगिनी, या सर्वांना धावत्या मोटारींचे भय न बाळगता तेथे जाता येते. लोहमार्गाने जी गावे जोडली, ती गावे यामुळे एकमेकांशी जोडलेली राहतात. केंडल गावाचे जुने स्टेशन आगगाडी गेल्यावरही पाडले गेले नाही. ते या वाटेच्या कामी आले. जेथे एके काळी उतारू गाडीची वाट पाहत, तेथे आज सायकलस्वार विसावतात.

नवे बांधणाऱ्याचे कौतुक सर्व जण करतात. जुने राखणाऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु राष्ट्राची श्रीमंती दोघांच्याही हातून वाढते. पूल, तलाव, विहीर, घाट, वाट, यांपैकी काहीही मोडीत काढण्यापूर्वी दोन प्रश्न विचारण्याची सवय समाजास लागली पाहिजे. हे उभारताना किती हात झिजले? आणि आज हे मोडले, तर उद्या पुन्हा उभारता येईल काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर मोडण्यासाठी उचललेला हात क्षणभर थांबविणे हेच विवेकी नागरिकाचे कर्तव्य होय.