महाग म्हणजे मजबूत?

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एक राष्ट्रीय प्रश्न उभा राहिला. टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर पोराला पहिला बोनस मिळाला आणि त्यानं जाहीर केलं, ‘हेडफोन घेणार. बजेट चाळीस हजार!’ झालं! लंच टाइमला अख्ख्या फ्लोअरनं त्याला घेरलं. कुणी म्हणालं बास बघ, कुणी म्हणालं नॉइज कॅन्सलेशन बघ. एचआरवाली म्हणाली, त्यापेक्षा एसआयपी कर. (तिला कुणी विचारलं नव्हतं.) त्या बिचाऱ्याचा प्रश्न मात्र एकदम साधा होता. ‘चाळीस हजार टाकले, तर दहा वर्षं टिकेल ना?’

मी डब्यात डोकं घातलं. कारण या प्रश्नाचं उत्तर माझ्या ड्रॉवरमध्येच पडलं होतं. दोन तुकड्यांत.

त्याचं असं झालं... प्रमोशन मिळालं तेव्हा मीही असाच एक पंचवीस हजारांचा हेडफोन घेतला, सहा महिन्यांच्या ईएमआयवर. काय तो बॉक्स, काय ती मखमली केस! चौदाव्या महिन्यात अंधेरी स्टेशनच्या गर्दीतून बाहेर पडलो, तो गळ्यातून काढायला गेलो आणि ‘कट्’! बिजागरीपाशी प्लॅस्टिक चिरलं होतं. वॉरंटी बारा महिन्यांची. सर्व्हिस सेंटरमधली मुलगी गोड हसून म्हणाली, ‘सर, हा पार्ट वेगळा येत नाही. नवीन पीसवर डिस्काउंट देऊ शकतो.’ गंमत म्हणजे आवाज अजून एक नंबर होता. फक्त तो डोक्यावर राहायला तयार नव्हता!

तेव्हापासून मला एक नाद लागलाय. कुणाचाही हेडफोन दिसला की मी आधी त्याचे स्क्रू शोधतो.

आवाजाचं आणि किमतीचं नातं तसंही नाजूकच आहे. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकानं २८३ हेडफोन्सचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स आणि त्यांच्या किमती शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. निष्कर्ष? दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही! आता आवाज ही प्रत्येकाच्या कानाची गोष्ट, ते सोडून देऊ. पण निदान बांधणी तरी पैशांच्या हिशेबात मिळायला हवी की नाही?

इथेच खरा घोटाळा आहे. बिल्ड क्वालिटी दोन प्रकारची असते, बॉस. एक दुकानातली आणि दुसरी वापरातली. दुकानात आपण काय करतो? हेडफोन हातात घेतो, वजन जोखतो, थंडगार धातूवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘सॉलिड आहे!’ २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका इंजिनिअरनं बीट्सचा म्हणून घेतलेला एक हेडफोन खोलला. आतले काही धातूचे भाग त्याला चक्क वजन वाढवण्यासाठी टाकल्यासारखे वाटले. बातमी जगभर फिरली. आणि मग कळलं की तो पीसच डुप्लिकेट होता! म्हणजे बघा, नकली माल बनवणाऱ्यालासुद्धा पक्कं ठाऊक असतं, गिऱ्हाईक वजनाला भुलतं.

मग महागडे सगळेच आपल्याला गंडवतात का? तसंही नाही. पैसा कुठेतरी लागलेला असतो. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स डिसेंबर २०२० मध्ये आपल्याकडे ५९,९०० रुपयांना आला. त्याच्या वाट्या ॲल्युमिनियमच्या, फिनिश लाजवाब, वर कानाच्या गाद्या चुंबकावर बसणाऱ्या. खराब झाल्या की ओढून काढा, नव्या लावा. पण वजन ३८५ ग्रॅमच्या आसपास. ते दिवसभर वाहायचंय तुमच्याच मानेला! २०१५ मध्ये सेनहायझरनं जाहीर केलेल्या एचई-१ ची तर गोष्टच वेगळी. त्याचा ॲम्प्लिफायर इटलीतल्या कॅरारा संगमरवरात बसवलेला आणि तेव्हा किंमत होती पन्नास हजार युरोंच्या घरात. तो कुणी विरार फास्टमध्ये नेणार नाही, हे उघड आहे.

आता दुसरी बाजू. सोनीचा एमडीआर-७५०६ आला १९९१ मध्ये. दिसायला अगदी सरकारी. काळं प्लॅस्टिक, टेलिफोनसारखी गुंडाळी झालेली वायर. अमेरिकेत तो वर्षानुवर्षं शंभर डॉलरच्या आसपास मिळत आलाय. साउंड रेकॉर्डिस्ट मंडळी तो शूटिंगला नेतात, बॅगेत कोंबतात. सेनहायझरचा एचडी-२५ तर १९८८ चा. डीजे लोकांचा लाडका. जवळजवळ प्रत्येक भाग सुटा होतो आणि सुटा मिळतो. त्याच कंपनीचा १९९७ चा एचडी-६०० हातात घ्या, प्लॅस्टिकचा हलका पीस वाटेल. पण वायर, गाद्या, जाळ्या सगळं हातानं निघतं आणि परत बसतं.

थोडक्यात फंडा असा, की किंमत तुम्हाला फिनिश सांगते, आयुष्य सांगत नाही. आयुष्य ठरतं एकाच गोष्टीवर. वस्तू उघडते की नाही!

कारण हेडफोन मरतात त्या जागा ठरलेल्या असतात. एक, पिनेजवळची वायर. ती विशिष्ट कोनात धरून गाणं ऐकण्याचा योगाभ्यास आपण सगळ्यांनी केलाय. दोन, बिजागरी आणि डोक्यावरची पट्टी. तीन, कानाच्या गाद्या. बहुतेक गाद्यांवरचं ‘लेदर’ म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. हवेतला ओलावा तो हळूहळू तोडतो, याला हायड्रॉलिसिस म्हणतात. त्यात आपला घाम आणि मुंबईची हवा! चार पावसाळ्यांनंतर कानाला काळे पापुद्रे चिकटतात ते यामुळेच. वस्तू कपाटात ठेवली तरी सुटका नाही. आणि चार, वायरलेस असेल तर बॅटरी. ती कितीही महाग डब्यात बसवा, दर चार्जिंगला थोडी थोडी म्हातारी होतेच. डबा गोंदानं चिकटवलेला असेल, तर बॅटरीचं वय तेच हेडफोनचं वय. युरोपियन युनियननं २०२३ मध्ये याचसाठी नियम केलाय. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे.

तेव्हा मंडळी, दुकानात गेलात की वजन बघू नका, चार प्रश्न विचारा. वायर सुटी होते का? गाद्या वेगळ्या मिळतात का, आणि केवढ्याला? बॅटरी बदलून मिळते का? आणि वॉरंटी संपल्यावर तुम्ही दुरुस्त करता, की नुसता डिस्काउंट देता?

हे सगळं मी त्या ज्युनिअर पोराला सांगितलं. शनिवारी तो मॉलमध्ये गेला आणि सेल्समनला हेच विचारलं. सेल्समन म्हणे आधी हसला, मग मॅनेजरला बोलावून आणलं, मग दोघांनी मिळून बॉक्सची मागची बाजू वाचली. पोरगा थँक्यू म्हणून बाहेर पडला. बोनस अजून खात्यात आहे. एचआरवाली फुल खूश!

आणि माझा तो पंचवीस हजारांचा? तो मी शेवटी लॅमिंग्टन रोडला एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तुकडे उलटेपालटे करून बघितले, पितळेची एक पट्टी कापली आणि दोन स्क्रू मारले. तीनशे रुपये. दिसतो अगदी गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटसारखा. पण दोन वर्षं झाली, तो जोड हललेला नाही.

‘काका, कंपनीनं हे असंच का नाही केलं हो?’ मी विचारलं होतं.

काका म्हणाले, ‘केलं असतं तर तू परत दुकानात कशाला गेला असतास?’