शकुंतलेची वाट आम्हाला द्या

आमच्या शिवारातून बाभळींची एक लांबच लांब रांग जाते. नवख्या माणसाला ती कुणाच्या धुऱ्यावरची झुडपे वाटतील. वास्तविक त्या बाभळींखाली रेल्वेचे रूळ आहेत. यवतमाळहून लाडखेड, दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला जाणारी आपली 'शकुंतला' याच वाटेने धावत असे. 'धावत असे' हे मी सवयीने लिहिले. आमचे आबाजी म्हणतात, ती धावत नव्हतीच, चालत होती; पण गरिबाला घेऊन चालत होती.

या गाडीविषयी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे, म्हणून तिचा इतिहास थोडक्यातच सांगते. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाईनवर पोचावा, तिथून मुंबईस आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत जावा, यासाठी इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीने हा अडीच फुटी रूळमार्ग टाकला. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे अंतर 113 किलोमीटर. दारव्ह्यापासून पुसदकडेही एक फाटा होता, तो फार पूर्वी उखडला गेला. 1921 साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर 1923 पासून 1994 च्या एप्रिलपर्यंत राबले. मग डिझेल आले. 1951 साली देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि त्या घोळात दुरुस्तीचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले. अखेर गेल्या दशकात यवतमाळची गाडी बंद पडली. कापूस नेण्यासाठी टाकलेल्या वाटेवर आता बाभळी उगवतात, एवढेच.

माझे म्हणणे असे आहे की, गाडी येईल तेव्हा येवो, तोवर ही वाट सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी मोकळी करावी. तिच्यावर डांबर नको, सिमेंट नको. बाभळी तोडून, मुरूम दाबून, मोटारी आणि फटफट्या आत शिरणार नाहीत अशी दगडी खांबांची अडवणूक करून ती आम्हाला द्यावी.

हे वाचून कुणाला हसू येईल. सायकलीचे खास रस्ते म्हणजे पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांचे खूळ, यवतमाळसारख्या जिल्ह्यात ज्याला जमते तो फटफटी घेतो आणि ज्याला जमत नाही तो पायी जातो, असे आमच्या वर्गातल्या एका मित्राने मला ऐकवले. परंतु या दोघांच्या मध्ये कोण आहे, हे त्याने पाहिलेले नाही. मध्ये शाळेत जाणाऱ्या मुली आहेत.

आठवीत असताना मला सरकारी योजनेतून सायकल मिळाली. शाळा चार किलोमीटरवर, मोठ्या गावाला. दोन महिने आम्ही पाच मुली डांबरी रस्त्याने सायकलीवर गेलो. कापसाचे दिवस आले आणि जिनिंगकडे जाणारे ट्रक सुरू झाले. ट्रकवर कापूस दोन्ही अंगांनी इतका फुगलेला असतो की सायकलवाल्याला रस्ता उरतच नाही. रस्त्याची कड तर पावसाने खाल्लेली. एका ट्रकने आमच्यातल्या एकीला कट मारला. ती नाल्यात पडली. हात मोडला, जीव वाचला. त्या रात्री आमच्या घरी काही चर्चा झाली नाही. सकाळी बाबांनी माझी सायकल उचलून घराच्या मागच्या भिंतीला टेकवली आणि एस.टी.च्या पासाचे पैसे हातावर ठेवले. बाकीच्या चार घरांतही तेच घडले. सरकारने सायकल दिली, पण ती चालवायची कुठे याचा विचार त्या योजनेत नव्हता.

मी दहावीत असताना, 2021 च्या दिवाळीच्या सुमारास, एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. काळीपिवळीवाल्यांनी भाडे वाढवले. बोर्डाची परीक्षा तोंडावर. तेव्हा आमच्यातल्या एकीच्या आईने वाट दाखवली. ती कापूस वेचायला रोज रुळाच्या कडेने जायची. म्हणाली, "रुळानं जा ना वं पोरीहो, तिथं कोण ट्रक येते?" बाबांनी एक दिवस स्वतः सोबत येऊन ती वाट पाहिली आणि मग हो म्हटले. रुळाच्या कडेला हातभर रुंदीची पायवाट होती. बाभळीच्या काट्यांनी आठवड्यातून दोनदा पंक्चर व्हायचे. पंक्चर काढायला आम्ही सर्वजणी तेव्हाच शिकलो. परंतु त्या चार-पाच महिन्यांत एकदाही मागून हॉर्न ऐकू आला नाही. सायकल चालवता चालवता मागच्या मुलीला इतिहासाच्या सनावळ्या म्हणून दाखवता येतात, हे मला तिथे कळले. डांबरी रस्त्यावर सगळे लक्ष कानात असते.

आणखी एक गोष्ट तिथे कळली, ती शेतकऱ्यांच्या कामाची आहे. आपली काळी माती पावसाळ्यात कशी होते हे कुणाला सांगायला नको. पांदणीत बैल फसतो, माणसाची चप्पल रुतून बसते, सायकल तर खांद्यावर घ्यावी लागते. रूळमार्ग मात्र उंच भरावावर आहे, त्यात मुरूम आणि गिट्टी आहे, पाणी दोन्ही बाजूंना उतरून जाते. शिवाय रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी उंचवटे कापले, खोलगट जागा भरल्या आणि चढ इतका सौम्य ठेवला की साध्या, गिअर नसलेल्या सायकलीवरही उतरावे लागत नाही. लहान पुलांवर फळ्या टाकल्या की झाले. म्हणजे आज नवा रस्ता करायला जे सर्वांत महाग पडते, ती जमीन, तो भराव आणि ते पूल, हे सगळे शंभर वर्षांपूर्वीच होऊन पडले आहे. आपण फक्त त्यावर बाभळी वाढू देत आहोत.

असे कुठे झाले आहे काय, असा प्रश्न आमच्या सरांनी विचारला. झाले आहे, आणि आपल्यासारख्याच कोरड्या मुलखात झाले आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सेंट्रल ओटागो नावाचा प्रदेश आहे. पावसाच्या त्या देशातला तो सर्वांत रुक्ष भाग. उघडे डोंगर, वाळलेले गवत आणि मेंढ्या. तिथली रेल्वे 1990 साली बंद पडली. रूळ निघाले, पण जागा मोडली नाही. तिच्यावर खडी दाबून मिडलमार्च ते क्लाइड अशी सुमारे 150 किलोमीटरची वाट केली आणि 2000 साली ती पूर्ण खुली झाली. मोटारीला तिथे मज्जाव आहे. रेल्वे गेल्यावर जी गावे ओस पडू लागली होती, त्यांत आता सायकलवाल्यांना उतरायला खोल्या आहेत, खाणावळी आहेत. अमेरिकेत मिसुरी राज्यात अशीच 'केटी ट्रेल' नावाची जवळपास 385 किलोमीटरची वाट आहे, चुनखडीच्या बारीक चुऱ्याची. आपल्याकडे परदेशी पाहुणे येऊन खानावळी भरतील, असे मी म्हणत नाही. तो मोह मला नाही. आमच्या गावापासून दारव्हा आठ किलोमीटर आहे. एखादी मुलगी बाराव्या इयत्तेनंतर कॉलेजात जाईल की नाही, हे त्या आठ किलोमीटरवर ठरते. माझे ठरले, कारण एस.टी. वेळेवर होती. माझ्याबरोबर सायकलीवर जाणाऱ्या दोघींचे ठरले नाही.

आता आक्षेपांकडे वळते. सर्वांत मोठा आक्षेप आमच्या घरातच आहे. आबाजी म्हणतात, "गाडी आली पायजे. सायकलीनं कापूस जाते का? तू सायकलचा रस्ता मागशीन, तं सरकार म्हणन, लोकायले गाडी नाही पायजे." हे बोलणे मला टाळता येत नाही. शकुंतला वाचावी म्हणून माणसांनी आंदोलने केली, रुंदीकरणाच्या घोषणाही ऐकल्या. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या मार्गाचे काम चालू झाले आणि त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी खुला झाला, हे खरे. परंतु म्हणून जुन्या मार्गाची आशा सोडा, असे मी कशी म्हणू? माझे म्हणणे उलट आहे. रिकामी जागा रिकामी राहत नाही. आज धुरा दोन हात सरकतो, उद्या गोठा होतो, परवा कुणी रूळच उचलून नेतो. ज्या वाटेने रोज शंभर पोरे जातात तिच्यावर गोठा बांधायची हिंमत कुणी करणार नाही. अमेरिकेत 1983 साली कायद्यातच तशी तरतूद केली गेली: बंद पडलेल्या रेल्वेची जागा तुकडे करून विकू नये, पायवाट-सायकलवाट म्हणून राखावी आणि पुढे रेल्वेला हवी झाल्यास ती परत घ्यावी. अशी राखण आपल्याकडे का होऊ नये?

दुसरा आक्षेप आईचा आहे, आणि खरे सांगायचे तर तो मला जास्त छळतो. जिथे मोटार नाही तिथे माणूसही नसते. रस्त्यावर ट्रकची भीती, तर बाभळीत माणसाची भीती. संपाच्या दिवसांतही आम्ही पाचजणी नेहमी मिळूनच गेलो. एकटी कधीच नाही. म्हणून नुसता मुरूम टाकून भागणार नाही. दोन्ही अंगांची झाडी दहा-दहा हात साफ हवी, वाटेला शेतांकडे फाटे हवेत, म्हणजे निंदायला, वेचायला जाणाऱ्या बाया त्याच वाटेने येतील-जातील. बायांची वर्दळ असली की मुलींना वाट मोकळी होते, हा आमचा अनुभव आहे. अंधार पडल्यावर मात्र त्या वाटेने जाऊ नये, असेच मीही म्हणेन. आणि बंडीवाल्यांशी भांडण होईल, तेही मला दिसते. दगडी खांबांतून बंडी जाणार नाही आणि शेतकरी खांब उपटील. बंडीपुरती वाट सोडली तर ट्रॅक्टरही येईल. यावर मला अजून चांगला उपाय सुचलेला नाही.

ग्रामसभेत मी हा विषय मांडला तेव्हा थोडे हसे झाले. नंतर एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "लिहून देशीन का?" मी अर्ज लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. अर्ज कुणाच्या नावे करायचा? जागा कंपनीची, गाडी रेल्वेची, शिवार ग्रामपंचायतीचे, बाभळी कुणाच्याच नाहीत. शेवटी जिल्हाधिकारी, रेल्वे आणि ग्रामपंचायत अशी तिन्ही नावे घातली. एकेचाळीस सह्या झाल्या आहेत, त्यांतल्या सव्वीस बायांच्या. आबाजींनी दोन दिवस अर्ज उशाशी ठेवला आणि तिसऱ्या दिवशी अंगठा दिला, पण एक अट घालून. ती अट मी अर्जाच्या खाली त्यांच्याच शब्दांत लिहिली आहे: गाडी आली का वाट खाली करून द्याची.