घड्याळावरचे नाव आणि घड्याळातले यंत्र

लग्नसराई तोंडावर आली की जावयासाठी कोणते घड्याळ घ्यावे, हा प्रश्न आपल्या घरांतून हटकून निघतो. पूर्वी तो सासरेबुवा आणि ओळखीचा घड्याळजी मिळून सोडवीत. हल्ली वधूवरांचेही मत घ्यावे लागते, आणि पॅरिसच्या अथवा मिलानच्या एखाद्या पोशाखगृहाचे नाव पुढे येते. त्यातच स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिश्टेनस्टाइन या चार देशांशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेला व्यापारकरार १ ऑक्टोबर २०२५ पासून अंमलात आला. त्यान्वये स्विस घड्याळांवरील आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने नाहीसे व्हावयाचे आहे. तेव्हा ‘आता मोठ्या नावाची घड्याळे स्वस्त होणार’ अशी बोलवा आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यासारखे आहे.

ही सवलत नावाला नाही, माल जेथे तयार झाला त्या देशाला आहे. एर्मेस हे घराणे पॅरिसचे. १८३७ साली घोड्यांचे साज बनविण्याच्या धंद्यातून ते उभे राहिले. परंतु घड्याळांसाठी त्याने १९७८ साली स्वित्झर्लंडमधील बील येथे वेगळी कंपनी काढली, आणि २००६ साली वोशे या यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात चतुर्थांश भागीदारी घेतली. उलट, एम्पोरिओ आर्मानी हे नाव मिलानचे असले, तरी त्या नावाची घड्याळे फॉसिल ही अमेरिकन कंपनी १९९० च्या दशकापासून परवान्याने काढीत आली आहे. त्यांतील जे घड्याळ स्विस बनावटीचे नसेल, त्याला कराराचा लाभ नाही. ‘स्विस बनावट’ या शब्दांनाही कायद्याची मोजपट्टी आहे. २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा निदान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हावा लागतो. म्हणजे उरलेला भाग बाहेरचा असू शकतो.

परवान्याने नाव देणे ही काही लबाडी नव्हे. घाट नेटका असेल आणि किंमत बेताची असेल, तर असे घड्याळ हौसेने घ्यावे. मात्र आपण पैसे कशाचे देत आहो, हे गिऱ्हाइकास ठाऊक असावे. आत सर्वसामान्य क्वार्ट्झ यंत्र असेल, तर ते वेळ अचूक दाखवील आणि बिघडल्यास बदलूनही मिळेल. पण मग वरची सगळी रक्कम नावाची आणि घाटाची. शुल्काची सूटही गिऱ्हाइकाच्या पदरात पूर्ण पडेलच असे नाही. ती प्रथम आयात करणाऱ्याच्या हाती पडते, आणि फ्रँक महागला की तीतला काही भाग तेथेच जिरतो.

समारंभी घड्याळाची खरी कसोटी साधेपणाची. ते कोटाच्या बाहीखाली अलगद सरकावे, तबकडीवर गर्दी नसावी. २०१५ साली एर्मेसने काढलेल्या ‘स्लिम’ घड्याळातील स्वयंचलित यंत्राची जाडी २.६ मिलिमीटर आहे. आपल्या टायटनने २००२ साली काढलेले ‘एज’ हे क्वार्ट्झ घड्याळ तर सबंधच ३.५ मिलिमीटरचे होते. दोन्ही यंत्रांची जात वेगळी, हे खरे. तरीपण सडपातळपणा ही काही पॅरिसची मिरासदारी नव्हे, एवढे यावरून दिसते. चामड्याचा पट्टा आपल्या उन्हाळ्यात घामाने लवकर कुजतो. तो सहज बदलता येणारा आहे ना, हेही पाहावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा. लग्नातले घड्याळ पुढे मुलाच्या मनगटावर जावे, अशी देणाऱ्याची इच्छा असते. एच.एम.टी.ने आपला घड्याळांचा कारभार २०१६ साली बंद केला, तरी वडिलांची ‘जनता’ अजून कित्येक घरांत टिकटिकते आहे. कारण तिचे यंत्र जाणणारे कारागीर आहेत. पोशाखगृहाचा परवाना मात्र मुदतीचा असतो. तो संपला, धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेला, तर सुटे भाग कोण देणार, हे खरेदीच्या दिवशीच विचारून घेतलेले बरे.

इंदूरकरांना हा विवेक परका नाही. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्प्याकडून माणिकबाग उभारली, तेव्हा रुलमान, आयलीन ग्रे अशांच्या हातचे सामान त्यांनी निवडून आणविले. त्यांनी युरोपचे नाव नव्हे, करणारा हात विकत घेतला. त्याच माणिकबागेत पुढे केंद्रीय करखात्याची कचेरी आली, हा काळाचा विनोद. कर कमी झाल्याने वस्तू स्वस्त होईल. पारख मात्र ज्याची त्यालाच करावी लागेल. तेव्हा दुकानात गेल्यावर घड्याळ आधी उलटे करून पाहावे, आणि मग तबकडीवरचे नाव वाचावे.