फोनच्या खोक्यावर न छापलेली तारीख

मोबाइलची जाहिरात उघडा, पहिला आकडा कॅमेऱ्याचाच दिसतो. कुठे ५० मेगापिक्सेल, कुठे १०८, तर सॅमसंगच्या २०२३ च्या महागड्या मॉडेलपासून थेट २००. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत असते, उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना असतो, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन क्रमांक असतो. या फोनची ऑपरेटिंग सिस्टीम कंपनी कोणत्या वर्षापर्यंत सांभाळणार, हे मात्र तिथे नसते. बिस्किटाच्या पुड्यावर जी माहिती सक्तीने छापली जाते, तिच्याइतकी साधी गोष्ट तीस हजारांच्या वस्तूवर सापडत नाही. माझे म्हणणे असे, की मोबाइल कंपन्यांची कॅमेऱ्याची स्पर्धा दुकानात जिंकली जाते, पण फोनचे आयुष्य ठरते ते ऑपरेटिंग सिस्टीमवर. आणि प्रतिस्पर्ध्याच्या आधी बाजारात उतरण्याच्या घाईत सर्वांत आधी बळी जातो तो या आयुष्याचाच. हे नीट पाहायचे तर नोकियाच्या २०११ ते २०१३ या काळाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

फेब्रुवारी २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल मेळ्यात नोकियाने ‘८०८ प्युअरव्ह्यू’ दाखवला. त्यात ४१ मेगापिक्सेलचा सेन्सर होता, आणि तो नुसता जाहिरातीचा आकडा नव्हता. सेन्सर आकाराने त्या काळच्या इतर फोनच्या मानाने अवाढव्य होता, आणि अनेक पिक्सेल एकत्र करून पाच किंवा आठ मेगापिक्सेलचे अतिशय स्वच्छ छायाचित्र काढायचे, हा त्यामागचा विचार होता. आज सगळेच हे तंत्र वापरतात. पण हा कॅमेरा बसवला होता सिंबियन या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या फोनमध्ये, आणि सिंबियनचे दिवस भरल्याचे खुद्द नोकियानेच एक वर्ष आधी, फेब्रुवारी २०११ मध्ये, मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करताना जगजाहीर केले होते. मालकाने ज्या घराला पाडायची नोटीस लावली, त्याच घरात त्याने सर्वांत सुंदर खिडकी बसवली. जानेवारी २०१३ मध्ये कंपनीने सांगूनही टाकले, की ८०८ हाच शेवटचा सिंबियन फोन.

नव्या घरात तरी काय झाले? मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन प्रणालीवर चालणारे पहिले लुमिया हँडसेट २०११ च्या अखेरीस आले. त्यानंतरचा ‘लुमिया ९००’ एप्रिल २०१२ मध्ये मोठ्या गाजावाजात अमेरिकेत विक्रीला आला. अडीच महिने होतात न होतात तोच, २० जून रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर केले आणि सांगितले, की सध्याच्या एकाही फोनला ते मिळणार नाही. तांत्रिक कारण खरे होते: जुनी आवृत्ती विंडोज सीईच्या गाभ्यावर उभी होती, नवी विंडोज एनटीच्या. पण ज्याने एप्रिलमध्ये पैसे मोजले, त्याला गाभ्याशी काय देणेघेणे? त्याच्या हातातला नवाकोरा फोन जूनमध्ये जुना झाला होता. नोकियाचे तिमाही आकडे पाहा. एप्रिल-जूनमध्ये ४० लाख लुमिया गेले, पुढच्या तिमाहीत २९ लाख. त्या घसरणीला इतर कारणेही असतील. तरी ज्या फोनची पुढची वाट बंद झाल्याचे त्याच्याच प्रणालीच्या मालकाने सांगितले, तो घ्यायला गिऱ्हाईक का धजावेल, याचे उत्तर अवघड नाही.

हेच पुन्हा घडले, आणि या वेळी कॅमेऱ्याच्या शिरोमणीबरोबर. जुलै २०१३ चा लुमिया १०२० पुन्हा ४१ मेगापिक्सेलचा होता, आणि छायाचित्रकारांनीही त्याला दाद दिली. २०१६ मध्ये विंडोज १० मोबाइल जुन्या फोनना द्यायची वेळ आली, तेव्हा त्या यादीत १०२० नव्हता. डिसेंबर २०१९ अखेर व्हॉट्सॲपनेही विंडोज फोनची साथ सोडली. भिंगात खोट नव्हती. पण काढलेले छायाचित्र ज्याला पाठवायचे, त्याच्यापर्यंत पोहोचायचा रोजचा रस्ताच बंद झाला. दरम्यान मायक्रोसॉफ्टने नोकियाकडून सुमारे ५४४ कोटी युरोंना घेतलेल्या या फोन-व्यवसायापोटी २०१५ मध्ये ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले होते.

मुहूर्ताची घाई या कथेत जागोजागी आहे. लुमिया ९२० नोकियाने ५ सप्टेंबर २०१२ ला दाखवला, कारण १२ तारखेला ॲपलचा आयफोन ५ येणार होता. पण किंमत सांगितली नाही, विक्रीची तारीख सांगितली नाही. कॅमेरा हात हलला तरी कसे स्थिर चित्रण करतो, हे दाखवणाऱ्या जाहिरातीत शेजारच्या वाहनाच्या काचेत खऱ्या कॅमेऱ्याने चित्रण करणारा माणूस दिसला, आणि कंपनीला माफी मागावी लागली. आयफोन ५ त्याच महिन्याच्या २१ तारखेला दुकानात होता. ९२० यायला नोव्हेंबर उजाडला. घाईचा असा रोग एका कंपनीपुरता नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेला सॅमसंगचा नोट ७ बॅटऱ्या पेट घेऊ लागल्याने ऑक्टोबरमध्ये कायमचा मागे घ्यावा लागला. मधल्या काळात आपल्याकडे विमानातही तो वापरण्यावर बंदी आली होती. ॲपलने आयफोन १६ सप्टेंबर २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने विकला. फोन हातात पडला तेव्हा त्यात ती नव्हती, आणि सिरीच्या ज्या सुधारणा जाहिरातीत दाखवल्या होत्या, त्या मार्च २०२५ मध्ये लांबणीवर टाकल्या गेल्या.

यावर जाणकार म्हणतील, नोकिया बुडाली ती ॲप नव्हती म्हणून. अपडेटचे दुखणे किरकोळ. ॲपचा दुष्काळ खराच होता. पण ॲप लिहिणारे का आले नाहीत, हेही विचारायला हवे. सिंबियनवर मेहनत घेतलेल्यांना २०११ मध्ये पाटी पुसायला सांगितली, विंडोज फोन ७ वाल्यांच्या पायाखालची प्रणाली २०१२ मध्ये बदलली, आणि पुढे विंडोज १० च्या वेळी पुन्हा. जिथे दर दोन-तीन वर्षांनी पाया उखडला जातो, तिथे कोणी इमले बांधत नाही. गिऱ्हाइकाला आणि ॲप लिहिणाऱ्याला एकाच गोष्टीची खात्री हवी होती, आणि ती दोघांनाही मिळाली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लोक फोनवर छायाचित्रे काढतातच. लग्नात, शेतात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये. मग कॅमेरा पाहून फोन घेतला तर बिघडले कुठे? बिघडले काहीच नाही, फक्त आजचा कॅमेरा हा भिंगाइतकाच सॉफ्टवेअरचा बनला आहे. गुगलने पिक्सेल ३ पासून पिक्सेल ५ पर्यंत मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर जवळपास तोच ठेवला आणि चित्रांची प्रत प्रक्रियेच्या जोरावर वाढवत नेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेली अंधारात छायाचित्र काढण्याची सोय २०१६ च्या पहिल्या पिक्सेललाही अपडेटमधून मिळाली. फोन तोच, भिंग तेच, रात्र मात्र उजळली. ॲपलने २०१५ ते २०२१ मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरच ठेवला. त्यामुळे त्याचा धंदा बसल्याचे कोणी म्हणणार नाही. आणि २०० मेगापिक्सेलवाले फोनही नेहमीच्या वापरात सोळा पिक्सेलचा एक करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतात. तेव्हा ज्याला चांगला कॅमेरा हवा, त्यानेच अपडेटची चौकशी सर्वांत आधी करावी.

‘लोक दोन वर्षांत फोन बदलतात’ हे वाक्य विक्रेते नेहमी ऐकवतात. माणूस बदलतो, फोन बदलत नाही. तो धाकट्या भावाकडे जातो, गावी आईकडे जातो, सेकंडहँड बाजारात जातो. जुनी आवृत्ती झाली की बँकेचे ॲप चालायचे थांबते आणि सुरक्षेची भगदाडे उघडी राहतात, तेव्हा फटका बसतो तो ज्याला नवा फोन परवडत नाही त्याला. स्वस्त फोनला इतकी वर्षे सांभाळणे परवडत नाही, हेही आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. पिक्सेल ८ ला गुगलने आणि गॅलेक्सी एस२४ ला सॅमसंगने सात वर्षांचे वचन दिले, ते महागडे फोन होते हे मान्य. पण सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या बेताच्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षे देऊ केली आहेत. खर्च आहेच, फक्त तो कॅमेऱ्यावरच्या दिखाऊ खर्चातून वळवता येण्याजोगा आहे. एरवी धड काही न दिसणारी दोन मेगापिक्सेलची ‘मॅक्रो’ भिंगे मागच्या बाजूला डोळ्यांची संख्या वाढवण्यापलीकडे काय करतात?

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला: फोनची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट, सात वर्षे सुटे भाग. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा आराखडा दिला, ही चांगली सुरुवात आहे. पण त्याआधीही एक सोपे काम करता येईल. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम किंमत आणि महिना छापायला लावतातच. त्यात ‘सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत’ अशी एक ओळ वाढवावी. ती ओळ तारखेतच हवी, वर्षांच्या संख्येत नको. कारण पिक्सेलची सात वर्षे मोजली जातात तो फोन अमेरिकेत पहिल्यांदा विक्रीला आला त्या दिवसापासून, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल पंधरा हजारांनी स्वस्त मिळते, तेव्हा त्या सातातली दोन वर्षे आधीच सरलेली असतात, आणि हे गिऱ्हाइकाला सांगायला दुकानदार आज कोणत्याही नियमाने बांधलेला नाही.